उंच बांधलेली साडी

मंजुषा बाई म्हणून लाखात एक, पण तिच्यात एक खोट आहे आणि ती आधीच सांगून टाकलेली बरी. चारचौघांत कोणी टोमणा मारला की तिला सहन होत नाही. धानोऱ्याला शाळेत असताना पोरींनी डिवचलं म्हणून ती मोहाच्या झाडावर चढली होती, आणि उतरता येईना तेव्हा वरच बसून रडत होती. लग्न होऊन मुलचेऱ्याकडच्या गावात आली तरी हा गुण काही गेला नाही. बचत गटाला फवारणीचा ड्रोन मिळाला, तेव्हा दीर हेमराज म्हणाला, "बाईच्या हाती टिकते काय हे?" एवढं पुरलं. दुसऱ्याच दिवशी तिनं प्रशिक्षणाला नाव दिलं.

शिकली मात्र मन लावून. तिला त्या यंत्राची एक गोष्ट फार आवडायची, ती म्हणजे त्याची स्वतःची अक्कल. समोर काही आडवं आलं की ते हवेतच थबकायचं. रिमोटशी संपर्क तुटला की जिथून उडालं तिथं मुकाट परत यायचं. बॅटरी उतरली की कोणाला न विचारता माघारी वळायचं. शिकवणारे सर पुन्हापुन्हा एकच सांगायचे, "तो थांबला तर त्याच्यावर चिडू नका. का थांबला ते आधी जाऊन बघा."

त्या वर्षी धान निसवलं, लोंब्या बाहेर आल्या आणि त्यावर तुडतुड्याची कीड पडली. गावातल्या लोकांना ड्रोनवर भरवसा नव्हता, म्हणून मंजुषानं पहिली फवारणी आपल्याच घरच्या धानाच्या बांध्यांत करून दाखवायचं ठरवलं. आदल्या आठवड्यात ती सगळ्या धुऱ्यांवरून, बांधाबांधानं फिरली, हद्द आखली, कोपऱ्यातलं राखणीचं मचाणही नकाशात नोंदवून ठेवलं. काम चोख होतं.

चूक झाली ती मचाणाची. घर एकदा बांधलं की जागचं हलत नाही, पण मचाण रानडुकरांच्या मागं मागं फिरतं, हे घरच्या सुनेला ठाऊक असायला हवं होतं. डुकरं नाल्याकडून यायला लागली तसा तिच्या सासऱ्यानं, मुखरूभाऊनं, मचाणाचे बांबू उपटले आणि मधल्या बांधीत नेऊन रोवले. डुकरांना बुजवायला बांध्यांभोवती जुन्या साड्या बांधलेल्याच होत्या. त्यातलीच एक त्यानं गार वाऱ्याला आडोसा म्हणून मचाणावर बांधली. हे त्यानं घरात कोणाला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

त्या रात्री डुकरांनी म्हाताऱ्याला डोळा लागू दिला नाही. एरवी तो उजाडताच घरी यायचा. त्या दिवशी मात्र पहाटे आडवा झाला तो घोंगडं ओढून गाढ झोपी गेला. कानानं अधू माणूस, त्याच्या उशाशी ढोल वाजवला असता तरी उठला नसता. धुऱ्यावर जमलेल्या गावाला रांगेनं फडफडणाऱ्या साड्या तेवढ्या दिसत होत्या. त्यातली एक जरा उंच होती, इतकंच.

मंजुषानं सासऱ्याबद्दल नेमानं विचारलं, "मामाजी घरी आले ना?"

"आले असन," हेमराज म्हणाला. "सूर्य वर आला का येतेच ते."

ड्रोन उडाला. पहिल्या दोन बांध्या झकास झाल्या. म्हातारे मान वर करून बघत राहिले, बाया पदराआड हसल्या, आणि मंजुषाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिसऱ्या, मधल्या बांधीत त्या उंच साडीच्या अलीकडे ड्रोन थबकला. तिनं रिमोटची दांडी पुढे रेटली, तरी तो ढिम्म हलेना.

"साडीले भिऊन राह्यला काय वो वहिनी तुमचा डरोन?" हेमराज ओरडला. सगळे खो खो हसले.

तिनं ड्रोन मागे घेतला, उंची वाढवली, साडीच्या हातभर वरून काढायला गेली. पुन्हा तिथंच थांबला. औषधानं भरलेलं ते जड यंत्र हवेत घरघरत लटकून राहिलं.

"डुकरं भेत नाई अन् हे भेते!" मागून कोणीतरी म्हणालं.

"बंद करा ना ते थांबवाचं बटन," हेमराज म्हणाला. "साडीच तं हाये. वरून काढा. का तेबी येत नाई तुमाले?"

सरांचं बोलणं तिला आठवलं नाही असं नाही. चांगलं आठवलं. पण बांधीत उतरून चिखल तुडवत साडी बघायला जायचं, तेही एवढ्या हसणाऱ्या तोंडांसमोर, हे तिच्या जिवावर आलं. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. यंत्रानं विचारलं, नक्की बंद करायचं? तिनं हो म्हटलं. अडथळा ओळखणारा डोळा मिटला आणि तिनं दांडी पुढे रेटली.

ड्रोन हललासुद्धा. तेवढ्यात रिमोट टिटटिट करू लागला. भरल्या टाकीनिशी इतका वेळ लटकत राहिल्यानं बॅटरी पार उतरली होती. ड्रोननं साडीकडे पाठ फिरवली, तिनं दांडी दाबून धरली होती तरी न जुमानता उंच झाला आणि सरळ धुऱ्याकडे निघाला.

लोकांनी तर टाळ्याच वाजवल्या. हेमराज पोट धरून हसत होता. मंजुषाला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

आणि ती उंच साडी गदागदा हलली. पंख्यांच्या वाऱ्यानं घोंगडं उडालं होतं, त्यानं म्हातारा जागा झाला. डोळे चोळत, डुकरं आली असं समजून, हातात काठी घेऊन मुखरूभाऊ मचाणावर ताडकन उभा राहिला. त्याचं डोकं साडीच्या वर आलं, हातभर. जिथून ती ड्रोन काढणार होती, बरोबर तिथं.

हसणं जागच्या जागी थिजलं.

मंजुषाच्या हातून रिमोट गळून चिखलात पडला. ड्रोन आपला आपण येऊन धुऱ्यावर टेकला, पंखे थांबले, तरी ती तिकडे बघेना. धान तुडवत, पडत, उठत ती मचाणापाशी पोचली आणि तिनं सासऱ्याचे पाय घट्ट धरले. मग रडत रडतच सगळं सांगितलं, बटन बंद केल्याचंही.

मुखरूभाऊनं कानामागं हात धरून ऐकलं. त्या ड्रोनकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"म्हणजे तू हो म्हनली अन् त्यानं नाई म्हनलं?"

"हो, मामाजी."

"मंग रडून काऊन राह्यली? हात दे, उतरू दे मले."

तिनं हात देऊन त्याला खाली घेतलं. त्याचं पाऊल चिखलात पडलं तेव्हा कुठं तिला मोकळा श्वास आला, इतका मोठा की छातीत दुखलं. म्हातारा पुढं, ती मागं, दोघं धुऱ्याकडे निघाली. मग मात्र त्याच्या तोंडाचा पट्टा सुटला. उभं धान तुडवलं म्हणून, घोंगडं औषधात भिजवलं म्हणून, सकाळचा चहा अजून नाही म्हणून, सगळ्या गावादेखत तो तिला बोल लावत चालला. धुऱ्यावर पोचल्यावरही तो थांबला नाही, आणि मंजुषाला वाटत होतं, बोला मामाजी, असंच घरापर्यंत बोलत चला.