करंजाच्या वड्या

मुठा गावच्या रस्त्याकडेला एक बाई दर रविवारी घरी केलेला साबण विकायला यायची. बसायची म्हणावं, तर एका जागी टेकायचीच नाही. खोबरेलाचे साबण पुढ्यात आणि करंजाच्या तेलाच्या पिवळट, उग्र वासाच्या वड्या वेगळ्या सुपात. त्यातली एकेक उचलायची, अंगठ्याने दाबायची, हुंगायची, परत ठेवायची.

माझ्या हाताची खाज काही केल्या जात नव्हती, म्हणून मी करंजाचीच वडी मागितली.

"कच्ची हाय, ताई. महिनाभर वाळाया पायजे, न्हाईतर अंगाला झोंबंल."

महिना उलटून गेला, तरी तेच उत्तर. शेवटी मी चिडले. "इतकी वर्षं करताय, कधी वाळते ते कळत नाही तुम्हाला?"

ती रस्त्यापलीकडच्या नव्या तारेच्या कुंपणाकडे बघत राहिली. "बांधावरची करंजाची झाडं दिरानं जमिनीसंगं इकली. ह्ये तेल शेवटचं."

मग तिने एक वडी माझ्या हातावर ठेवली. मी अंगठ्याने दाबून पाहिली. दगडासारखी टणक होती.

"कच्ची हाय न्हवं?" तिने विचारलं.

"हो," मी म्हणाले आणि मनगट खाजवत वडी सुपात परत ठेवली.