कुंदाताईंच्या बैठकीतल्या अळ्या

कुंदाताईंच्या समता कॉलनीतल्या घरी अत्तर-पावडर लावून गेलेलं चालत नसे. मच्छर अगरबत्तीही बंद. हातपाय दारातच धुवायचे, कारण बैठकीत सोफ्याच्या जागी ट्रे मांडलेले होते आणि त्यांत रेशमाच्या अळ्या तुतीचा पाला खात असत. "यांच्यापायी आमचे हे सिगरेट प्यायले गेटाबाहेर जाते," ताई सांगत. "मी वीस वर्षं बोंबलली, तवा नाही गेले."

त्यांचं बीजकेंद्र अभनपूरला होतं. दोन चांगल्या जातींच्या पतंगांचा संकर करायचा आणि त्यांची अंडी शेतकऱ्यांना विकायची, हा धंदा. ऑर्डरी आणि वाटप मी बघत असे. घरच्याच कोषांतून अंडी का धरू नयेत, असं शेतकरी विचारत. "धर ना भैया," ताई म्हणत. "पण दुसऱ्या पिढीत एक अळी आज कोष करते, एक आठवड्यानं. मंग पाला कोणाले टाकशील?"

केंद्रात मादी पतंगांची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी होतच असे. तरीही प्रत्येक लॉटमधली थोडी अंडी ताई आधी उबवून स्वतःच्या बैठकीत वाढवत. बाकीची तोवर थंडाव्यात ठेवलेली असत. "पयले माह्या घरी जगू दे, मंग लोकायच्या घरी पाठव."

एका हिवाळ्यात वाटप दोन दिवसांवर आलं आणि बैठकीतल्या अळ्या पाला सोडू लागल्या. ताईंनी त्या तपासल्या. पेब्रिन. हा रोग मादीकडून अंड्यात उतरतो आणि त्याला औषध नाही. तिकडे शेतकऱ्यांनी आमच्या तारखेच्या हिशेबाने तुती छाटली होती. पाला तयार होता आणि लवकरच जरड होणार होता. अंडी दिली नाहीत तर पीक बुडणार. दिली तर पीक बुडून रोग शेडमध्ये घर करणार.

दीर प्रभाकरराव धंद्यात भागीदार होते. "वहिनी, सगळा लॉट थोडीच बिघडला असेल? तपासणीचा शिक्का आहे आपल्याजवळ. विकून टाका."

"शिक्का अळीले दाखवशील काय?"

ताईंनी फोन लावला तो पंडरीच्या मन्नू भैयांना; तेही अंडीच विकत. त्यांची गिऱ्हाइकं ताईंनीच वर्षानुवर्षं ओढून आणली होती.

"आज कैसे याद किया, दीदी? मेरे अंडे तो दो नंबर के हैं ना?"

"बोली थी. अब दे दो. पर पहले मैं जाँचूँगी."

भैयांनी तपासू दिलं, पण अट घातली: सगळ्या गिऱ्हाइकांची नावं-पत्ते हवेत.

"देऊन टाक, वनिता," ताई मला म्हणाल्या.

"ताई, मंग पुढच्या हंगामात आपण कोणाले विकायचं?"

"ते मंग पाहू. पाला थांबून राहिला काय?"

प्रभाकरराव चप्पल घालून निघून गेले. ताई दुपारभर मन्नू भैयांच्या केंद्रात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसल्या. अंडी निरोगी निघाली. आमचा लॉट त्यांनी संध्याकाळी स्वतः जाळला.

वाटपाच्या दिवशी अभनपूरच्या अंगणात त्यांनी सरळ सांगितलं की आमची अंडी रोगी निघाली, ही मन्नू भैयांची आहेत. भाव आमच्याहून कमी आहे हे कळल्यावर, इतके दिवस का नाही सांगितलं म्हणून एक बाई उसळली, "अतेक दिन ले काबर नई बताए, दीदी? एखर तो सस्ता हे!" सगळे हसले. ताईही हसल्या, जरा उशिरा.

पुढच्या हंगामात बहुतेक शेतकरी थेट पंडरीला गेले. केंद्र बंद झालं. ताई मुलीकडे नागपूरला गेल्या आणि गेल्या वर्षी तिथेच वारल्या.

मला त्या आठवतात त्या हिवाळ्यातल्या पिकाच्या शेवटी. आपले न उरलेले शेतकरी गाठत त्या शेडमागून शेड फिरत होत्या, मी मागे. भावावरून उसळलेल्या त्या बाईच्या शेडमध्ये चंद्रिका, म्हणजे अळ्या कोष विणतात त्या जाळ्या, पांढऱ्याशुभ्र कोषांनी भरल्या होत्या. ताईंनी एक कोष उचलला, चिमटीत दाबून पाहिला, कानाशी हलवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "लेकाचा मन्नू! अंडे चांगले करते."