पायाळूची लाथ कुठल्या फांदीवर?

माझ्या उजव्या पायाची कीर्ती एके काळी लोणंदच्या स्टेशनापासून आटपाडीच्या बाजारापर्यंत पोचली होती, हे आज सांगितलं तर कुणी विश्वास ठेवणार नाही. ठेवू नये हेच बरं. मी जन्माला आलो तो पायाकडून, म्हणजे मी पायाळू. वाकताना, उचलताना पाठीत कळ भरते तिला उसण म्हणतात, आणि पायाळू माणसानं पाठीत हलकी लाथ मारली की उसण पळते, हे आमच्या भागातल्या पोराला बाराखडीच्या आधी ठाऊक असतं. रविवारी सकाळी आमच्या दारात माणसं येत. मला मात्र नुसत्या पाठीच दिसत. उसाची मोळी उचलून धरलेल्या, पोती वाहून आखडलेल्या, पलटणीतून पेन्शन घेऊन आलेल्या. एका एस.टी. ड्रायव्हरनं तर भरली गाडी दारात उभी करून लाथ खाल्ली होती आणि इतका हलका झाला म्हणे, की पुढच्या थांब्यावर गाडी थांबवायचंच विसरला. बसकण मारलेला एक बैलही मी उठवला आहे. बैलाला बोलता येत नाही, नाहीतर साक्षीला उभा केला असता.

पाय माझा असला तरी रविवार आईचा होता. ती दुष्काळी आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली, आणि लग्न होऊन आली ती कृष्णाकाठच्या ऊसवाल्या घरात. हळदीकुंकवाला तिला दाराजवळची जागा. चुलती तर सगळ्यांदेखत म्हणायची, "हिला काय, पानी दिसलं तरी सन वाटतोय." पण रविवारी तीच चुलती कंबर धरून अंगणात उभी राही. "आवं जाऊबाई, पोराला उठवा की जरा." आई मुद्दाम सावकाश उठायची. पदर सारखा करायची. मग एकेकाला उंबऱ्याकडं पाठ करून उभं करायची आणि हुकूम सोडायची, "ताठ ऱ्हावा. दम सोडा. आता मागं बघू नगा." तेवढा वेळ ती सगळ्या गावाची थोरली असे. आठवड्यातला तोच काय तो तिचा मान.

आणि सोमवारी हाच पाय बुटात घालून मी हायस्कुलात शास्त्र शिकवायला जात असे! सांगलीहून बी.एस्सी. करून आलो होतो, सत्तर साल उलटून थोडी वर्षं झाली होती, गावात आमच्याइतकं शास्त्र शिकलेला दुसरा कोणी नव्हता. निदान मला तसं वाटे.

एका सोमवारी मी फळ्यावर शास्त्राचं झाड काढलं. बुंध्यावर 'विज्ञान'. एका फांदीवर भौतिकशास्त्र, दुसरीवर रसायन, तिसरीला वनस्पती आणि प्राणी असे दोन फाटे, वर कुठंतरी खगोल. झाड असं बहरलं की खडू संपला. तेवढ्यात नववीतली एक पोरगी उठली. दोन वेण्या, आवाज तुतारीसारखा.

"सर, पायाळूची लाथ कंच्या फांदीवर बसती?"

वर्ग असा हसला, की कौलावरचे पारवे उडून सरळ कराडला गेले असतील. 'खाली बस' म्हणालो असतो तर विषय तिथंच मिटला असता. पण बढाईखोर माणसाला आव्हान म्हणजे चुलीवरचं दूध, उतू गेल्याशिवाय राहत नाही. मी छाती काढून म्हणालो, "आधी निरीक्षण, मग अंदाज, मग प्रयोग, मग निष्कर्ष. निरीक्षण सगळ्या गावानं केलंय. आता प्रयोग करू."

माझी खात्री अंदाजावर नव्हती, पायावर होती. आपल्याच अंदाजाच्या प्रेमात पडू नका, असं आदल्याच तासाला मी पोरांना बजावलं होतं.

प्रयोग मांडला त्या पोरीनंच. "मारतंय कोन, हे पाठीला कळता कामा न्हाई," ती म्हणाली. बाजाराच्या दिवशी शाळेच्या पडवीत पोत्यांचा पडदा लावला. उसण भरलेली माणसं पडद्याला पाठ लावून उभी राहायची. आत आम्ही तिघं. मी, ड्रिलचे मास्तर, आणि एक मुसळ. मास्तर डोक्याकडून जन्मलेले. त्यांचं डोकं बघता त्यांच्या आईची दया यायची. मुसळाच्या टोकाला माझ्याच मापाची चप्पल बांधली होती. लाथ कुणाची ते चिठ्ठी उचलून ठरे. मुसळ कशाला, असं मी विचारलं, तर पोरगी म्हणाली, "मास्तरबी मानूस हाय. मानसाच्याच पायात गुन आसंल तर? मुसळाला ना आई, ना जन्म." इतकी स्वच्छ रीत मला सांगलीच्या प्रयोगशाळेत कुणी शिकवली नव्हती.

पुढचे काही दिवस पोरं घरोघर विचारत हिंडली. निष्कर्ष फळ्यावर आला. माझ्या लाथेनं बहुतेकांची उसण उतरली होती. मास्तरांच्या लाथेनंही. मुसळानंही. बारकाईनं बघितलं तर मुसळ माझ्यापेक्षा जरा पुढंच होतं. उसण दोन-चार दिवसांत आपोआप उतरते, लाथ असो वा नसो, एवढाच त्याचा अर्थ. मी तो अर्थ वर्गाला नीट समजावून सांगितला, आवाज मुद्दाम मोठा ठेवून. कान मात्र असे तापले होते की वर भाकरी भाजली असती.

पण गाव आमच्या वर्गात बसत नव्हतं. गावानं आपला निष्कर्ष काढला. मुसळात दैवत हाय! मास्तरांच्या घरी मुसळ नेऊन ठेवलं होतं, तिथं पुढच्या रविवारी रांग लागली. मुसळाला हळदकुंकू वाहिलेलं. आमच्या अंगणात कोंबड्या.

चुलती कुडावरून वाकली. "जाऊबाई, मुसळ पायाकडनं जन्मलं, का डोक्याकडनं, वो?"

आई तडक वळली. घरात येऊन मला म्हणाली, "तुला कुनी सांगितलं हुतं बघायला?"

"आई, खरं काय ते नको का कळायला?"

"कळलं न्हवं? मग मी तुझ्यासाठी एवढ्या कळा सोसल्या, त्या कशाला रं?"



त्यापुढच्या रविवारी बायका आमच्या दारावरूनच मुसळाकडं निघाल्या. त्यांच्यात ती पोरगीही होती, आजीला हात देऊन. तेवढ्यात आई कळशी घेऊन हौदाकडून आली, अंगणात थबकली आणि कंबरेवर हात दाबून ओरडली, "आगं आई गं! भरली उसण!" बायका थांबल्या. आईनं कळशी खाली ठेवली, उंबऱ्याकडं पाठ केली आणि मागं न बघता मला म्हणाली, "मार."

"आई, तुला पाय लावू?"

"लाव म्हनतीया न्हवं. मार!"

अख्ख्या गावाच्या पाठी मी लाथाडल्या होत्या, पण ही पाठ? ज्या पाठीला बांधून तिनं मला माहेरी नेलं होतं, ती? पोरगी टक लावून माझ्याकडं बघत होती. मी पाय उचलला. लुगड्याला लागला न लागला.

"गेली! गेली गं बाई, पार गेली!" आई ताठ झाली.

दोन बायका वळून आमच्या अंगणात आल्या. मग आणखी एक. मी आईच्या पाया पडायला वाकलो, तर तिनं पाय मागं घेतले. "माझ्या कशाला? त्या उभ्या हायत, त्यास्नी घे." आणि त्या बायकांना म्हणाली, "ताठ ऱ्हावा. दम सोडा."

पोरगी आजीला सोडून माझ्याजवळ आली आणि फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "सर, कळशी रिकामी हाय."

"वर्गात विचार," मी म्हणालो.

"खरं सांगशिला?"

मी तिच्याकडं न बघता पुढच्या पाठीकडं वळलो.