दर सहा महिन्यांनी नवा सोफा

आमच्या गल्लीत मला 'तिकडचे काका' म्हणतात. कौतुकाने नव्हे, वैतागून. वीज गेली की मी म्हणतो, तिकडे जात नाही. रांगेत कोणी घुसलं की म्हणतो, तिकडे घुसत नाहीत. परवा माझे उरलेसुरले केस कापताना न्हाव्याने कात्री थांबवून विचारलं, "काका, एवढं छान होतं तिकडे, मग केस कुठे गेले?" बिचाऱ्याने वर्षभर ऐकून घेतलंय.

तर मी चौदा वर्षं तिकडे, म्हणजे परदेशात, होतो. एसी दुरुस्त करायचो. घरी मात्र सगळ्यांना पक्कं ठाऊक, आमचे हे मोठ्या हुद्द्यावर आहेत. तसा हुद्दा होता म्हणा. एक जण शिडी धरायचा आणि मी शिडीवर चढायचो.

घोळ एका फोटोने झाला. पहिल्याच महिन्यात एका बंगल्यात कामाला गेलो होतो. मालकीणबाई आत गेल्या, तसा मी पटकन सोफ्यावर टेकलो आणि स्वतःचा फोटो काढला. शर्टाच्या खिशावर कंपनीचं नाव शिवलेलं, ते दिसू नये म्हणून छातीवर हात ठेवला. फोटो घरी धाडला. बायकोचं उत्तर आलं, "अगंबाई, केवढं छान घर तुमचं!" आता तिच्या आनंदावर विरजण कशाला घाला? मी लिहिलं, "ठीक आहे." त्या एका 'ठीक आहे'पायी चौदा वर्षं थापा माराव्या लागल्या.

मग चटकच लागली. दर घरी एक फोटो, दर फोटोत छातीवर हात. आईने घाबरून विचारलं, "छातीत दुखतं का रे तुझ्या?" मेव्हण्याला वाटलं, हात नम्रतेने ठेवतो, मी देवमाणूस झालो. व्हिडिओ कॉल मी फुटपाथवरून करायचो, घर मोठं आहे, आत नेट धरत नाही म्हणून. आणि सोफा दर वेळी वेगळा! बायको शेजारणीला ऐटीत सांगायची, "ह्यांना एक सोफा सहा महिन्यांवर आवडत नाही." पुढे तिने गवंड्याला माझा एका टबाशेजारचा फोटो दाखवून न्हाणीघरात टब बसवून घेतला. नळाची धार करंगळीएवढी. त्या टबात आजवर माणूस बसलेला नाही, चादरी तेवढ्या डुंबतात.

आणि माझं खरं घर? एका खोलीत सहा जण, खाटेवर खाट. मी वरच्या खाटेवर. उठून बसलं की डोकं छताला. सहाही जण एसी मेकॅनिक आणि खोलीतला एसी बंद! सुटे भाग कंपनीचे, हात लावायची टाप नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

मागच्या वर्षी मी परतलो, पण थापा काही परतल्या नाहीत. परवा माझ्या मुलीला तिकडच्या एका हॉस्पिटलचं पत्र आलं. ती नर्स आहे. राहायची सोय त्यांचीच, होकार संध्याकाळपर्यंत कळवायचा. ती मोबाइल घेऊन माझ्यासमोर बसली.

"पप्पा, मी हो म्हणून टाकते. तुमच्यासारखं घर मिळालं की आईलाही नेते. तुम्ही राहिलात, आता आम्हाला राहू द्या."

"मी काही यायची नाही बाई," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, पण आवाजावरून कळत होतं, मनात तिने बॅग भरायलाही घेतली होती.

'राहायची सोय' मला चांगली ठाऊक होती. माझ्याही पत्रात हेच शब्द होते. गप्प बसावं, तर पोर डोळे मिटून उडी मारणार. बोलावं, तर चौदा वर्षांची अब्रू मातीत.

"थांब," मी म्हणालो. "ती घरं माझी नव्हती."

"कोणती?"

"सगळीच."

सांगून टाकलं. खाट, एसी, छातीवरचा हात, सगळं. हेही सांगितलं की तिकडे वाईटच आहे असं नाही. रस्ते खरंच गुळगुळीत. आमच्यातला एक जण कोसळला तेव्हा दहा मिनिटांत ॲम्ब्युलन्स आली आणि तो वाचला. "पण तिथलं सुख मी दुरुस्त केलं बाळा, भोगलं नाही."

मुलगी आधी फिस्सकन हसली. मग गंभीर होऊन टाइप करू लागली. "एका खोलीत किती जणी, ते आधी विचारते. आणि चार दिवस मुदत मागते." पोर शहाणी निघाली, आईवर गेली.

बायको दारात येऊन उभी होती. म्हटलं, आता आपली खरडपट्टी. "बोल, काय बोलायचं ते बोल. थापाड्या म्हण."

ती थापांबद्दल काहीच बोलली नाही. "एवढाली घरं, एवढाले सोफे, आणि चौदा वर्षांत एकदाही 'ये' म्हणाला नाहीत. मला वाटायचं, मी तिथे शोभणार नाही म्हणून बोलवत नाहीत."

"अगं, जागाच नव्हती गं," मी म्हणालो.

ती मटकन खाली बसली. "एवढंच सांगायचं होतंत," म्हणाली, आणि मुलीसमोरच ढसाढसा रडायला लागली.