मेरीलँडचा खेकडा

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. तीन बायका वीस वर्षं एकाच टेबलाशी बसल्या की ते फ्रिजवरच्या मॅग्नेटसारखे साठत जातात आणि एक दिवस दारच दिसेनासं होतं. आमचं टेबल सिंगापुरातल्या तोआ पायोहच्या हॉकर सेंटरमधलं, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतलं, पंख्याखालचं. दर मंगळवारी सकाळी दहा वाजता कुमुद, नलू आणि मी. कुमुद बढाईखोर, नलू भोळी. माझं काय ते पुढे कळेलच.

माझी ओळख टॅक्सवाली शकूताई अशी आहे. शिक्षण सातवी. आम्ही सिंगापूरला आलो त्या वर्षी नवऱ्याच्या नावाने टॅक्सचा लिफाफा आला आणि त्याने भीतीने तो आठवडाभर न उघडता टेबलावर ठेवला. मी उघडला. डिक्शनरी घेऊन ओळ न् ओळ वाचला. तेव्हापासून दर एप्रिलला निम्मी मराठी मंडळी फॉर्म दाखवायला माझ्या यिशुनच्या फ्लॅटवर येतात. त्यात दोन बँकवाले आहेत. नावं सांगत नाही, त्यांना लाज वाटेल.

*

एका मंगळवारी कुमुद बसायच्या आधीच म्हणाली, "नीलला घेतलं."

नील म्हणजे तिच्या अमेरिकेतल्या लेकीचा मुलगा.

"कुठल्या कंपनीत?" नलूने विचारलं.

"कंपनी कसली? बेसबॉलच्या टीममध्ये. पगारी. चेंडू फेकायचा पगार."

नलूने जरा विचार केला. "म्हणजे नोकरी नाहीच लागली अजून?"

त्या दिवशी नलूला चहा मी पाजला.

घरी गेल्यावर मात्र जेवण गोड लागेना. आमच्या गावी चिंचेचा शेंड्यावरचा आकडा मी एका दगडात पाडायची. मुलगे पैज लावून हरायचे. त्या हाताबद्दल मला आईचा मार मिळाला आणि नीलला कॉन्ट्रॅक्ट. हेवा वाटला. लिहूनच टाकते, या वयात लपवायचं कोणापासून?

*

या खेळात पायऱ्या असतात. खालच्या टीममध्ये बसने गावोगाव हिंडायचं, पगार बेताचा. वरच्या टीमने बोलावलं की विमान, मोठी शहरं, मोठा पगार. मागच्या वर्षी नीलला वरून बोलावणं आलं आणि कुमुदने शेजारच्या दोन टेबलांनाही काया टोस्ट, म्हणजे नारळाच्या जॅमचे पाव, खिलवले. ते लोक कोण होते ते तिलाही ठाऊक नव्हतं.

मग मॅग्नेट सुरू झाले. वरची टीम ज्या शहरात खेळेल तिथला एक मॅग्नेट नील आजीला पाकिटातून पाठवायचा. कुमुद तो आधी टेबलावर आणायची, आमच्याकडून नीट बघून घ्यायची आणि मग फ्रिजवर लावायची.

माझा मुलगा पाया लेबारला ऑफिसात असतो. काय करतो म्हणून विचारलं तर "मीटिंग" म्हणतो. मीटिंगचा मॅग्नेट मिळत नाही.

*

मी गप्प बसणारी नाही. यिशुनच्या लायब्ररीत जाऊन अमेरिकेतल्या खेळाडूंचा टॅक्स शिकून आले. तीन आठवडे लागले. पुढच्या मंगळवारी कुमुदने सातवा मॅग्नेट काढला तेव्हा मी तयार होते.

"कुमुद, पाहुणा म्हणून ज्या राज्यात तो खेळतो, ते राज्य तेवढ्या दिवसांच्या पगारावर टॅक्स घेतं. टेक्सास, फ्लोरिडासारखी थोडी सोडून. सामना, सराव, सगळे दिवस मोजतात. बाकावर बसला तरी दिवस धरतात."

"नुसतं बसायचा टॅक्स?" नलूने आमच्या टेबलाकडे बघितलं. "मग आपलं इथे काय व्हायचं गं?"

कुमुद हसली नाही. तिने मॅग्नेट रुमालात गुंडाळला. "घेऊ देत. ज्याला कोणी बोलावतं त्यालाच टॅक्स लागतो, शकू."

याचं उत्तर मला गुरुवारी सुचलं, पण तोवर मंगळवार फार लांब गेला होता.

*

एकदा मी त्याच्या कमाईतले वाटेकरी मोजून दाखवले. एजंट, हिशेबनीस, ट्रेनर, टीमचे कपडे धुणाऱ्याची बक्षिशी.

"अगं, त्यात सव्वीस वर्षांचा झालाय तर पोरं त्याला म्हातारा म्हणतात," कुमुद म्हणाली.

"मग आपल्याला काय म्हणतील?" नलू घाबरली.

मी म्हटलं, "दहा वर्षांत खेळ संपतो, टॅक्स जन्मभर राहतो. त्याला म्हणावं, खांदा सांभाळ."

खांद्याचं मी असंच बोलले होते. देवाशप्पथ.

*

दिवाळीच्या फराळाला कुमुदने घरी बोलावलं. फ्रिजवर चौदा मॅग्नेट ओळीने लावलेले, देव्हाऱ्यासारखे. त्यात मेरीलँडचा लाल खेकडा होता, नांग्या वर केलेला. कुमुद आणि नलू बाहेर चकल्यांवर बोलत होत्या. मी पाणी प्यायला आत गेले होते.

आयुष्यात मी कोणाची टाचणीही घेतलेली नाही. परत येताना एमआरटी मेट्रोत पर्स मांडीवर घट्ट धरून बसले होते आणि पर्समध्ये खेकडा होता.

तो माझ्या फ्रिजच्या भिंतीकडच्या बाजूला लावला. तिथे हात जेमतेम जातो. नातीने शोधलाच. तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "आजी, व्हाय हाइड वन?"

"तो लाजाळू आहे," मी म्हटलं.

पुढच्या मंगळवारी कुमुद खेकड्याबद्दल काही बोलली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

*

मग नीलच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि टीमने त्याला सोडलं. कुमुद दोन मंगळवार आली नाही. तिसऱ्या मंगळवारी आली ती कागदांची पिशवी घेऊन.

"त्याचा हिशेबनीस फार पैसे मागतो. मी त्याला म्हटलं, आमची शकू बघेल."

वीस वर्षांत तिने माझ्याकडे पहिल्यांदाच काही मागितलं. मी पिशवी घेतली आणि घरी जाऊन चष्मा पुसून बसले.

त्यात दिवसांचा तक्ता होता. खेळाडू कुठल्या दिवशी कुठल्या राज्यात होता, टॅक्स असो वा नसो, सगळं त्यात लिहिलेलं असतं. वरच्या टीमबरोबर नील नऊ दिवस होता. चार ओहायोत, पाच मेरीलँडमध्ये. नऊही दिवस बाकावरच असणार, कारण चेंडू फेकल्याचा बोनस शून्य. मग त्याला परत खाली पाठवलं आणि उरलेला मोसम तो खालच्या टीमच्या बसमध्ये होता.

बाकी बारा शहरांत त्याने पाऊल टाकलं नव्हतं. टीम तिथे खेळत होती, तो नव्हता. मॅग्नेट घरबसल्या मागवून आजीला पाठवत होता.

म्हणजे कुमुदच्या फ्रिजवर खरे दोनच. त्यातला एक माझ्याकडे.

*

मंगळवारी मी दहाला दहा मिनिटं कमी असतानाच जाऊन बसले. वाक्य तयार होतं. वर्षभराच्या काया टोस्टचा हिशेब एका वाक्यात फिटणार होता.

नलूनेच सुरुवात करून दिली. "पाहिलेस का गं कागद? किती राज्यांत खेळला आपला नील?"

कुमुद चहा ढवळत होती. चहात साखर नव्हती, ती साखर घेत नाही. तरी ढवळत होती. माझ्याकडे बघत नव्हती.

"पुष्कळ," मी म्हटलं. "यादी पानभर आहे. माझे डोळे दुखले."

टॅक्सच्या बाबतीत मी खोटं बोललेली ही एकच वेळ.

"बघ," नलू कुमुदला म्हणाली. कुमुदने चमचा खाली ठेवला.

*

कागद न्यायला कुमुद यिशुनला आली. मी बाहेरच्या खोलीत पिशवी बांधत होते, आणि तिला चहाची घाई.

"दूध मी काढते," म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

मी मागोमाग गेले, पण गुडघे काही पळत नाहीत. पोचले तेव्हा ती फ्रिज आणि भिंतीच्या फटीपाशी वाकून उभी होती. हात आत घातलेला. हात बाहेर आला तेव्हा त्यात खेकडा होता.

मी दारात उभी राहिले. 

कुमुदने खेकडा पदराने पुसला. माझ्या हातातली पिशवी घेतली, तीत चाचपून दिवसांचा तक्ता काढला. मला न विचारता, चष्मा न लावता, बरोबर तोच कागद. मग फ्रिजच्या दारावरचं माझं लाइटबिल बाजूला सारलं, मधोमध तो तक्ता धरला आणि त्यावर खेकडा ठेवून अंगठ्याने दाबला. जरा वाकडा बसला होता. तो सरळ केला.

"इथेच राहू दे," ती म्हणाली. "माझ्याकडे तेरा आहेत."

मग फ्रिजमधून दुधाचं खोकं काढून माझ्या हातात देत म्हणाली, "आलं जास्त घाल. मागच्या वेळी पाणचट केला होतास."