चुकीच्या गटात टाकलेली टेस्ट

पळसदेवची प्रियदर्शनी बारामतीला कॉम्प्युटरच्या क्लासात टायपिंग शिकवायची. घरातली ती पहिली पदवीधर. अठ्ठ्याण्णव साली तिच्या आईचे, रंगुबाईचे, हात गळत चालले. आधी हातातनं खुरपं सुटायचं, मग भाकरी थापता येईना, मग जीभ जड झाली. पुण्याच्या डॉक्टरांनी रोगाचं लांबलचक इंग्रजी नाव सांगितलं, औषध नाही म्हणाले आणि मोकळे झाले.

प्रियदर्शनीला ते पटेना. क्लासात नुकतंच इंटरनेट आलं होतं, ते शिकवायचं कामही तिच्याकडंच होतं. शोधता शोधता तिला ह्याच रोगाच्या लोकांचा एक चर्चागट सापडला. देशोदेशीचे रोगी आणि त्यांच्या घरचे तिथं एकमेकांना लिहायचे. तिनं आईची सगळी हकीकत इंग्रजीत मांडली. पण फोनची लाइन सारखी तुटायची. एवढं लिहिलेलं वाया नको, म्हणून आधी नुसतं 'टेस्ट' लिहून पाठवलं. गटात ते दिसेना. पुन्हा पाठवलं. पुन्हा.

दुसऱ्या दिवशी बघते तर सगळे 'टेस्ट'चे निरोप एकाखाली एक, आणि त्यांच्याखाली बोलणी. एका रोग्यानं लिहिलं होतं, "चाचणीसाठी वेगळा गट असतो, तिथं जा. मी एका बोटानं कळ दाबून एकेक निरोप उघडतो. तुमच्या रिकाम्या निरोपांत माझं बोट झिजवू नका."

तिला रडू फुटलं. त्याचं म्हणणं खरंच होतं. माफी मागून तिनं आईची हकीकत टाकली. कुणी उत्तर दिलं नाही. तिचं नाव असलेला निरोप दिसूच नये, अशी सोय बऱ्याच जणांनी करून ठेवल्याचं तिला मागाहून कळलं.

शेवटी, तिथं तरी कुणी वाचेल म्हणून, ती चाचणीच्या गटात गेली आणि हकीकत तिथंच टाकली. भराभर उत्तरं आली : 'तुमचा निरोप पोचला.' यंत्रांनी आपोआप धाडलेली.

रविवारी ती गावी गेली. रंगुबाईनं बोबड्या शब्दांत विचारलं, "काय म्हनत्यात गं ती लोकं?"

"पोचलं म्हनत्यात, आये."

"मंग औषीद धाडतील."

प्रियदर्शनी चमच्यानं पेज भरवत राहिली. बाहेर आल्यावर बाप, कचरू, हळूच म्हणाला, "तिला आशा लावू नगंस, बाई."

पुढं एकच खरं पत्र आलं. परदेशातली एक बाई स्वतःची लाइन तपासायला चाचणीच्या गटात आली होती. तिचा नवरा ह्याच रोगानं गेलेला. तिनं लिहिलं, "तुमच्या डॉक्टरांनी खरं तेच सांगितलंय. आईला बसवून भरवा, पातळ देऊ नका, ठसका लागतो."

प्रियदर्शनीनं पेज घट्ट केली. उन्हाळ्यात रंगुबाई गेली. क्लासात इंटरनेट शिकवायचं काम तिनं दुसऱ्या बाईंकडं दिलं आणि ती परत टायपिंगच शिकवू लागली.