मंजूरवाले केरबामामा

दूध संघाची वार्षिक सभा कशी चालते हे कोल्हापूरकराला सांगायला नको. बाहेरच्यांनी मात्र एकदा बघायलाच पाहिजे. स्टेजवरून कोणीतरी धडाधड विषय वाचत सुटतो. समोरून "मंजूर! मंजूर!" असा एकच गलका उठतो आणि विरोधातला माणूस माईकपर्यंत पोचायच्या आत राष्ट्रगीत सुरू झालेलं असतं. सभा खेळीमेळीत पार पडली म्हणून दुसऱ्या दिवशी पेपरात फोटोसुद्धा येतो!

पण हा गलका काय आपोआप होत नाही. त्याला पहिला आवाज लागतो आणि केरबामामा हे त्या आवाजाचं नाव. राधानगरीकडनं पोटासाठी शहरात आलेला माणूस, संघात कॅन धुण्यापासून टँकरवर जाईपर्यंत सगळी कामं केली. पण लोकांनी ओळखलं ते 'मंजूरवाले' म्हणूनच. रिटायर झाल्यावरही सभा असली की संचालकांचा निरोप यायचा, "मामा, पुढच्या रांगेत बसा." मामाही बसायचे, छाती फुगवून. विषय काय आहे ते त्यांनी कधी ऐकलं नाही. आपली माणसं स्टेजवर आहेत म्हटल्यावर ऐकायचंय काय, असा त्यांचा सरळ हिशेब.

एवढं असून मामांचं स्वतःचं घर नव्हतं. कळंब्याच्या अलीकडे एका चाळीत दोन खोल्या, भाड्याच्या. मालकानं चाळ विकली आणि दिवाळीच्या आत खोल्या मोकळ्या करा म्हणून सांगितलं. सगळ्या चाळीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याच सुमाराला मामांच्या दारात एक मोठी गाडी थांबली. तिच्यातनं उतरले गुरुप्रसाद. शहरातले नावाजलेले आर्किटेक्ट. गरिबांना परवडतील अशी घरं व्हावीत म्हणून शहरातल्या काही लोकांनी एक सल्लागार मंडळ काढलं होतं, सगळे बिनपगारी, आणि हे त्याचे अध्यक्ष. माणूस खाली चटईवर बसला. भाकरीबरोबर खर्डा खाल्ला, डोळ्यातनं पाणी आलं तरी परत मागून घेतला. मग म्हणाला, "मामा, मंडळावर सगळे शिकलेले आहेत. पण ज्यांना घर हवंय त्यांच्यातलं कोणीच नाही. तुम्ही यायला हवं."

झालं! मामा विरघळले. आयुष्यभर लोकांनी त्यांच्या गळ्याची आठवण काढली होती, डोक्याची पहिल्यांदाच कोणी काढत होतं. दुसऱ्या दिवशी नवी टोपी घेतली आणि बैठकांना जायला लागले. तिथं चहा मिळायचा, खुर्ची मिळायची आणि गुरुप्रसाद सगळ्यांदेखत म्हणायचे, "मामांना विचारा, त्यांना माहिती आहे." माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला आणखी काय लागतं?

कळंब्याजवळ एका जुन्या ट्रस्टची पडीक जागा होती. ती स्वस्त घरांसाठी द्यायला ट्रस्ट तयार होता. मंडळानं जाहीर सभा घेऊन लोकांसमोर शिफारस करावी, एवढीच त्यांची अट. मामांनी चाळीत येऊन हे सांगितलं आणि वर आपली जबान दिली. "कुणी दुसरी खोली बघायची न्हाय. तिथं घरं हुणार. मी हाय की मंडळात!"

चाळीत मामांच्या शेजारी अंबूबाई राहायची. नवरा गेलेला, पदरात एक मुलगी आणि कळंब्याच्या बंगल्यांत चपात्या लाटायची कामं. तिनं पाचगावात एक खोली बघून ठेवली होती, मालकही बरा होता. ती विचारायला आली, "मामा, घिऊ का सोडू? मला नीट सांगा. काम सोडून लांब जायला मला परवडणार न्हाय."

"सोड," मामा म्हणाले. "कामावर चालत जाशील, एवढ्या जवळ घर मिळणार हाय तुला."

तिनं सोडली. मामांनी सांगितल्यावर ती दुसऱ्या कोणाला विचारायला गेली नाही.

सभा ठरली. गुरुप्रसादांनी मामांना बाजूला घेतलं. "काही लोक सभा उधळायला बघणार. तुमची माणसं आणा आणि आवाज द्या. तुमच्याशिवाय हे जमायचं नाही."

मामांना आणखी काय पाहिजे होतं! चाळीतल्या बायकांना अंगणात गोळा करून त्यांनी तालीमच घेतली. "वाचून झालं की पयलं मी म्हणणार, मागनं तुमी. मधी कोण बोलाय लागलं तर आणि जोरात." बायका हसून हसून लोळल्या. अंबूबाईचा आवाज सगळ्यांत खणखणीत लागला तेव्हा मामा म्हणाले, "हिला संघात न्यायला पायजे हुतं!"

मंगल कार्यालय गच्च भरलं होतं. पहिला विषय, गरजूंसाठी घरं बांधावीत. मंजूर! दुसरा, घरं बाईच्या नावावर करावीत. मंजूर! बायकांनी असा आवाज काढला की पंखे हलले. मग गुरुप्रसादांनी तिसरा विषय वाचला, घाईनं, मान खाली घालून. "प्रकल्पाच्या स्थळनिश्चितीबाबत आवश्यक ते फेरबदल करणेचे सर्वाधिकार अध्यक्षांस देणेत येत आहेत."

मंडळावर कालिंदीबाई म्हणून एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्या ताडकन उठल्या. "एक मिनिट. हे परत वाचा. जागा बदलायचा अधिकार म्हणजे..."

मामांनी बघितलं, बाई उठल्यात, माईककडे हात चाललाय. उभा जन्म त्यांनी एकच ओळखलं होतं, सभेत मधेच उठतो तो विरोधक. त्यांनी घशाच्या शिरा ताणून आरोळी ठोकली, "मंजूर!" मागनं सगळी चाळ उठली, मंजूर, मंजूर, मंजूर! कालिंदीबाईंचे ओठ हलताना दिसत होते, शब्द एक ऐकू येईना. शेवटी त्या खाली बसल्या. बायकांनी टाळ्या पिटल्या. आपण काय बुडवलं याचा त्या गर्दीत एकालाही पत्ता नव्हता.

दसरा झाला आणि ट्रस्टच्या जागेवर एका बिल्डरचा भलामोठा फलक लागला. बंगल्यांची चित्रं, हिरवळ, पोहायचा तलाव, आणि खाली आर्किटेक्ट म्हणून गुरुप्रसादांचं नाव. स्वस्त घरं म्हणे होणार होती, पण पार लांबच्या माळावर, जिथं पाणी नाही, वीज नाही आणि एसटी आली तर आली.

मामा तसेच गुरुप्रसादांच्या ऑफिसात गेले. "साहेब, ह्ये काय? आमची जागा हुती ती."

"मामा, बसा. घरं रद्द नाही झाली, फक्त जागा बदलली. सभेनंच अधिकार दिला." गुरुप्रसादांनी मोबाईल पुढे धरला. सभेचा व्हिडिओ होता. त्यात मामा उभे होते, तोंड उघडं, हात वर. कालिंदीबाईंचा आवाज त्यांच्या आवाजाखाली दबला होता. "बघा, सगळ्यात आधी तुम्हीच."

"मला काय कळलं न्हवतं त्यात. तुमी इचारायचं न्हवं? मंडळावर हाय की मी!"

गुरुप्रसाद हसले. रागावले असते तर बरं झालं असतं, पण ते लहान पोरासमोर हसावं तसं हसले. "मामा, मंडळावर तुम्हाला कशासाठी घेतलं होतं असं वाटलं तुम्हाला?"

मामांना कोणी भर चौकात मुस्काटात मारली असती तरी एवढं लागलं नसतं. चटईवर बसून आपल्या घरची भाकरी खाल्लेल्या माणसानं केसानं गळा कापला होता. मामा जिना उतरून आले.

चाळीत येऊन त्यांनी सगळं सांगितलं. लपवाछपवी केली नाही, एवढं मात्र मान्य करायला पाहिजे. पण सांगता सांगता तोंडातनं निघून गेलं, "आपुन सगळ्यांनीच मंजूर म्हटलं की गं."

अंबूबाई भांडी घासत होती. तिनं हात थांबवले. "आमी काय त्या वाचलेल्याला मंजूर म्हटलं न्हाय, मामा. त्यातलं आमाला एक अक्षर कळलं न्हाय. तुमी म्हटला म्हणून आमी म्हटलं."

तेवढंच बोलून तिनं परत भांडी घासायला घेतली.

पाचगावातली खोली कधीच गेली होती. दिवाळीच्या तोंडावर दारात टेम्पो लागला. मुलीला घेऊन अंबूबाई भावाकडे, गावी निघाली होती. चार बंगल्यांची कामं सुटली, मुलीची शाळाही सुटली. सामान ते केवढं! एक पत्र्याची ट्रंक, शेगडी, गाद्यांची वळकटी. नाव-गाव माहीत नसलेला टेम्पोवाला ट्रंक फरफटत न्यायला लागला तशी ती ओरडली, "ओ पावणं, हळू, पत्रा फाटंल."

मामा मघापासून दारात उभे होते. ते लगबगीनं पुढे झाले आणि ट्रंकेची एक कडी धरली. "सोड, मी धरतो. इकडनं मी उचलतो, तिकडनं ह्यो उचलंल."

अंबूबाईनं त्यांच्याकडे बघितलं. डोळ्यांत राग नव्हता, पाणीही नव्हतं. तिनं शांतपणे त्यांचा हात कडीवरनं बाजूला केला.

"सरका पावणं," ती मामांना म्हणाली, "वाटंत हायसा."

मामा सरकले. टेम्पो गेला तरी ते भिंतीला टेकून तिथंच उभे होते.